पडद्यामागची विद्या आपल्या जिल्ह्यात शिकवा

यवतमाळ जिल्ह्याला नाटकाचं वेड आहे, हे वेगळं सिद्ध करायची गरज नाही. कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, दंडार हे लोकनाट्य उभं राहतं. महाविद्यालयातली मुलं युवा महोत्सवासाठी जीव ओतून एकांकिका बसवतात. हौशी संघ दिवसभराची नोकरी, दुकान, शेती सांभाळून रात्री तालमी करतात आणि राज्य नाट्य स्पर्धेत उतरतात. नवरात्रात तर यवतमाळ शहराचा चौक न् चौक रंगमंच होतो. या सगळ्याच्या पाठीमागे दिवे टांगणारे, फ्लॅट ठोकणारे, ध्वनी सांभाळणारे, चेहरे रंगवणारे, कपडे बेतणारे हात राबत असतात. या हातांना त्यांचं काम पद्धतशीर शिकवण्याची जबाबदारी कुणाची? आजवर ती कुणीही आपली मानलेली नाही. म्हणून मागणी स्पष्ट शब्दांत मांडतो: संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाने नेपथ्य, प्रकाशयोजना, ध्वनी, रंगभूषा, वेशभूषा आणि रंगमंच व्यवस्थापन हे विषय श्रेयांकांसह आणि भरपूर प्रात्यक्षिकांसह यवतमाळ जिल्ह्यातल्याच महाविद्यालयांत शिकवावेत.

१. भारतीय विश्वविद्यालय संघाच्या युवा महोत्सवात एकांकिकेसाठी एक नियम आहे. मंचावर जास्तीत जास्त नऊ कलाकार, आणि दिवे, पार्श्वसंगीत, रंगमंचावरची मदत यांसाठी जास्तीत जास्त तीन जण. नाटक तीस मिनिटांचं. मंच मांडायला आणि मोकळा करायला दहा मिनिटं. या दहा मिनिटांत काय काय करायचं असतं, याचा प्रेक्षकाला अंदाजही नसतो. लेव्हल जोडायच्या, विंगेत सामान क्रमाने लावायचं, कोणता दिवा कुठे पडतो ते पाहायचं, अनोळखी बोर्डवर आपले क्यू बसवायचे, माइकची पातळी तपासायची. नंतरच्या तीस मिनिटांत एखादा ब्लॅकआउट दोन सेकंद उशिरा झाला, तर नऊ जणांनी महिनाभर घेतलेली मेहनत वाया जाते. नऊ जणांना शिकवायला दिग्दर्शक असतो, बाहेरून आणलेला मार्गदर्शक असतो. त्या तिघांना कोण शिकवतं? बहुतेक वेळा भूमिका न मिळालेल्या मुलांना ‘तू लाइट बघ’ म्हणून उभं केलं जातं. ज्याच्या हातात नाटकाचा अंधार आणि उजेड द्यायचा, त्याची निवड आपण उरलेल्यांतून करतो. ही सवय महाविद्यालयाने लावलेली आहे आणि ती मोडण्याचं कामही महाविद्यालयाचंच आहे.

२. आता जिवाचा प्रश्न. तो सगळ्यांत मोठा आहे, म्हणून थोडं सविस्तर. हजार वॉटचे वीस पार दिवे लावले की भार वीस किलोवॅट होतो. 230 व्होल्टवर त्याचा प्रवाह साधारण 87 अँपिअर भरतो. घरातल्या जाड पिनेच्या प्लगची क्षमता 16 अँपिअर असते. म्हणजे हा भार तीन फेजांवर समतोल वाटावा लागतो, केबलची जाडी हिशेबाने निवडावी लागते, अर्थिंग तपासावं लागतं, गळणारा प्रवाह 30 मिलिअँपिअरच्या आत तोडणारा आरसीसीबी बसवावा लागतो. हॅलोजनचा दिवा तासाभरात इतका तापतो की त्याला टेकलेली झालर पेट घेऊ शकते. एलईडी दिवे आल्यापासून भार कमी झाला, पण ट्रसवर टांगलेलं वजन, दिव्याला लावायची सुरक्षा साखळी, पावसात भिजलेली जोडणी, मुलांच्या पायात येणारी केबल हे धोके तसेच आहेत. आपले गणेशोत्सव आणि नवरात्र येतात ते पावसाळा सरता सरता, ओल्या मैदानांवर. अशा ठिकाणी शेकडो लोक, लहान मुलं, म्हातारी माणसं मंडपात बसलेली असताना विजेची जोडणी कुणी केली, हे आपल्यातलं कुणी कधी विचारतं का?

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री कोल्हापूरचं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळालं. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात, 1915 साली पूर्ण झालेली ती वास्तू. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. सारा महाराष्ट्र हळहळला. त्या रात्री तिथे प्रयोग चालू असता तर? रंगमंच ही लाकूड, कापड, रंग आणि वीज एकत्र येणारी जागा आहे. जगात जिथे जिथे नाट्यतंत्राचं शिक्षण गांभीर्याने दिलं जातं तिथे अग्निसुरक्षा, उंचीवरचं काम आणि विजेची हाताळणी शिकल्याशिवाय विद्यार्थ्याला डिमरला हात लावू देत नाहीत. आपल्याकडे मात्र एखादा पोरगा शिडीशिवाय, हातमोजे न घालता बारवर चढला की आपण त्याच्या धाडसाचं कौतुक करतो. अपघात झाल्यावर चौकशी समिती नेमणारी व्यवस्था अपघाताआधी एक अभ्यासक्रम नेमू शकत नसेल, तर पुढच्या अपघातात तिचाही दोष धरावा लागेल.

३. यवतमाळच्या दुर्गोत्सवाचं नाव देशभर घेतलं जातं. मोठमोठ्या मंदिरांच्या प्रतिकृती, उंच प्रवेशद्वारं, रस्ताभर रोषणाई, हलते देखावे. आजूबाजूच्या जिल्ह्यांतून लोक गाड्या करून पाहायला येतात. हे सगळं नेपथ्यच आहे. बांबू, कापड, थर्माकोल, प्लायवूड, रंग आणि प्रकाश वापरून नसलेली वास्तू डोळ्यांपुढे उभी करायची, आणि ती वाऱ्यापावसात नऊ दिवस उभी ठेवायची. कित्येक मंडळं यासाठी दूरवरून कारागीर बोलावतात. त्या कारागिरांबद्दल आदरच आहे. त्यांनी ही कला पिढ्यान्पिढ्या जपली. पण त्यांच्या हाताखाली बांबू धरणारा आपला तरुण वर्षानुवर्षं बांबूच का धरत राहतो? त्याला मापं काढायला, आराखडा वाचायला, भार मोजायला, रंगसंगती ठरवायला कुणी शिकवलं असतं, तर पाच-सहा वर्षांत तोच मुख्य कारागीर झाला असता आणि इतर गावांच्या उत्सवांनी त्याला बोलावलं असतं. वर्गणी आपली, चौक आपला, गर्दी आपली, आणि कौशल्य तेवढं उसनं. यात जिल्ह्याचं नुकसान आहे आणि ते दरवर्षी नव्याने होतं.

४. ‘हे काम हमालीचं, त्यात शिकण्यासारखं काय?’ असं विचारणारे अजूनही भेटतात, अगदी प्राध्यापकांच्या खोलीतसुद्धा. त्यांनी आपलाच इतिहास पाहावा. भरताच्या नाट्यशास्त्राने अभिनयाचे चार प्रकार सांगितले: आंगिक, वाचिक, सात्त्विक आणि आहार्य. यातला आहार्य म्हणजे वेश, रंगभूषा आणि मंचावरचं सामान. तो बाकीच्या तिघांच्या रांगेत बसवलेला आहे आणि नाट्यमंडप कसा बांधावा याला एक स्वतंत्र अध्याय दिलेला आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव पेंटर नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत होते. दामले आणि फत्तेलाल तिथेच घडले. बाबूरावांनी पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. तिच्यातून बाहेर पडलेल्या मंडळींनी 1929 साली प्रभात उभी केली, आणि दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’चा व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात गौरव झाला. पडदे रंगवण्याच्या कार्यशाळेत शिकलेल्या माणसांनी मराठी माणसाला जागतिक पडद्यावर नेलं, याहून मोठा पुरावा कोणता हवा? नागपूरला शिकलेले द. ग. गोडसे नेपथ्यकार, चित्रकार आणि मराठीतले मोठे कलाविचारक होते. दामू केंकरे, रघुवीर तळाशिलकर, मोहन वाघ यांच्या नेपथ्यासाठी लोक नाटकाला जात. राज्य नाट्य स्पर्धेत शासन नेपथ्याला, प्रकाशयोजनेला, रंगभूषेला स्वतंत्र बक्षिसं देतं. ज्या कामाला शासन बक्षीस देतं, त्या कामाचं शिक्षण द्यायला शासनमान्य विद्यापीठाने मागेपुढे का पाहावं?

५. ‘ज्याला आवड आहे त्याने पुण्या-मुंबईला जावं’ हे उत्तर आता पुरे. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र 1987 पासून आहे. मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स 2003 साली सुरू झाली. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागाने मराठवाड्यातून किती कलावंत दिले, ते आपण पाहतोच. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय 1959 पासून आहे. या संस्था मोलाच्या आहेत, त्यांच्याशी वाद नाही. पण यवतमाळपासून पुणे जवळपास सहाशे किलोमीटर. झरी-जामणीच्या पोडावरची मुलगी, घाटंजीच्या कोरडवाहू कापूस उत्पादकाचा मुलगा, उमरखेडच्या वेल्डरचा मुलगा तिथे खोली भाड्याने घेऊन तीन वर्षं कसा राहणार? ज्या घरात बियाण्याचं कर्ज फेडायचं आहे, त्या घराला ‘मुलगा प्रकाशयोजना शिकायला गेला’ हे सांगणंसुद्धा जड जातं. छत्रपती संभाजीनगरला जे जमलं ते अमरावती विद्यापीठाला जमू नये असं काहीही नाही. अंतर हेच प्रवेशासाठीची अट होऊन बसलं, तर शिक्षण सर्वांसाठी आहे हे वाक्य पोकळ ठरतं.

६. नोकरीचा प्रश्न पालक विचारतील आणि त्यांनी तो विचारलाच पाहिजे. निव्वळ मराठी नाटकाच्या नाईटवर घर चालेल असं आश्वासन कुणी देऊ नये. ते खोटं ठरेल. पण ही विद्या फक्त नाट्यगृहात खपत नाही. लग्नसोहळे, उत्सव, राजकीय सभा, साहित्य संमेलनं, शाळांची स्नेहसंमेलनं, दूरचित्रवाणी आणि चित्रपटांचे सेट, संग्रहालयं, प्रदर्शनं या सगळ्यांना मंच, दिवे, ध्वनी आणि वेळेवर सगळं घडवून आणणारा माणूस लागतो. पूर्वेकडे झाडीपट्टी रंगभूमी पाहा. वडसा-देसाईगंजला नाट्यमंडळांची कार्यालयं आहेत, दिवाळीनंतर होळीपर्यंत गावोगाव रात्रभर नाटकं होतात, तिकिटं काढून लोक येतात. त्या रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. ती रंगभूमी नटांना जगवते, तशी दिवेवाल्यांना, वादकांना, मंडप घालणाऱ्यांनाही. मग आपल्या आयटीआयमधून वायरमन किंवा सुतारकाम शिकून बाहेर पडलेल्या मुलाच्या हातात हा आणखी एक धंदा का देऊ नये? हातात कौशल्य असलेला तरुण आणि कौशल्य शोधणारा बाजार यांच्यामध्ये आज फक्त प्रशिक्षणाची दरी आहे.

७. मुलींचा मुद्दा वेगळा काढून मांडावा लागतो, कारण तो एरवी कुणी मांडत नाही. प्रकाश आणि ध्वनीच्या केबिनमध्ये मुली फारच कमी दिसतात. उशिरापर्यंतच्या तालमी, अनोळखी ठेकेदार, राहण्याची सोय नाही, ही कारणं सर्वांना ठाऊक आहेत. हेच काम महाविद्यालयाच्या आवारात, वेळापत्रकात, शिक्षकांच्या देखरेखीखाली शिकवलं तर पालकांची भीती निम्मी होते. ठेकेदाराच्या टोळीत मुलीला जागा नसते. वर्गात ती हक्काने बसते.

८. जानेवारी 2019 मध्ये यवतमाळला 92 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. यवतमाळच्या संमेलनाचं उद्घाटन आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबातल्या वैशाली येडे यांनी केलं. त्याआधी त्या श्याम पेठकर यांच्या, हरीश इथापे यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘तेरवं’ या नाटकातून रंगमंचावर उभ्या राहिल्या होत्या. या जिल्ह्याच्या दुःखाला स्वतःचा आवाज आहे, हे तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने ऐकलं. तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवणं, त्या चेहऱ्यावर नेमका उजेड टाकणं, ते घर, ती पडवी, ते शेत मंचावर खरं वाटेल असं उभं करणं, हे तंत्रज्ञाचं काम आहे. आपली गोष्ट सांगायला आपल्या मातीतली माणसं पुढे येत असतील, तर तिला उजेड देणारी माणसंही आपल्यातूनच घडली पाहिजेत.

आणि शिकवायला साहित्य बाहेरून आणायची गरज नाही. दंडारीतले वेश आणि मुखवटे, पुसद-दिग्रसच्या तांड्यांवरच्या बंजारा स्त्रियांची फेटिया-कांचळी आणि आरसेकाम, तेलंगणाच्या सीमेलगतच्या गोंडांचा घुसाडीचा मोरपिसांचा टोप, हे वेशभूषेचे आणि रंगभूषेचे जिवंत पाठ आहेत. कापूस आपल्या शेतात पिकतो, डेनिम यवतमाळच्या एमआयडीसीत विणली जाते. मग नाटकाचा कपडा बेतण्याचं शिक्षण इथे का नसावं? हे टोप, हे वेश करणारे म्हातारे कारागीर एकेक करून जात आहेत. त्यांच्याकडून शिकून घेतलेलं, मोजून-रेखाटून ठेवलेलं काम विद्यापीठाकडे नसेल, तर पुढच्या पिढीला ते फक्त छायाचित्रात दिसेल.

९. ‘कल्पना चांगली आहे, पण नियमात बसत नाही’ असं उत्तर येऊ शकतं. ते बरोबर नाही. 2024-25 पासून राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत नवं शैक्षणिक धोरण पदवीच्या पहिल्या वर्षापासून लागू झालं आहे. त्यात व्यावसायिक कौशल्य आणि कौशल्यवृद्धीच्या अभ्यासक्रमांना श्रेयांक आहेत, प्रत्यक्ष कामावरच्या प्रशिक्षणालाही आहेत. अनेक ठिकाणी हे श्रेयांक भरून काढण्यापुरते विषय शोधले जातात. त्या जागी रंगमंच प्रकाश, ध्वनी, नेपथ्यबांधणी बसवायला अडचण काय? शिक्षक कुठून आणायचे, हाही प्रश्न सुटलेला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची तरतूद केली, पंधरा वर्षांचा कामाचा अनुभव असलेला तज्ज्ञ पीएचडीशिवाय शिकवू शकतो. आयुष्यभर नेपथ्य बांधलेल्या कारागिराला प्राध्यापकाचा मान देणारा हा मार्ग आहे. तो वापरायला हवा.

साधनसामग्रीचंही तसंच. पुसदचं बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय, यवतमाळची अभियांत्रिकी महाविद्यालयं, तालुक्यातालुक्यांतल्या आयटीआय, इथे वीज, लाकूड आणि धातूच्या कार्यशाळा आहेत. कला महाविद्यालयाची मुलं आठवड्यातून दोन दिवस तिथे जाऊन काम शिकू शकतात. सुरुवातीला वीस-पंचवीस एलईडी दिवे, एक डीएमएक्स बोर्ड, एक मिक्सर, काही माइक, लेव्हल आणि काळे पडदे एवढ्यावर एक साधा सभागृहवजा वर्ग प्रयोगशाळा होऊ शकतो. जिल्हा नियोजन समिती रस्त्यांना, इमारतींना पैसे देते. एवढ्या साहित्याला तिने नाही म्हणावं असं कारण दिसत नाही. दुर्गोत्सव मंडळांनी आपल्या देखाव्यावर विद्यार्थ्यांना प्रशिक्षणार्थी म्हणून घ्यावं, विद्यापीठाने त्याचे श्रेयांक द्यावेत. यात अशक्य काय आहे? नियम आहेत, कार्यशाळा आहेत, विद्यार्थी आहेत. कमी आहे ती पुढाकार घेणाऱ्या प्राचार्याची आणि प्रस्ताव उचलून धरणाऱ्या विद्यापरिषदेची.

१०. इमारतीचं आकर्षण आपल्या लोकप्रतिनिधींना फार असतं. नाट्यगृहाचं भूमिपूजन होतं, कोनशिला बसते, उद्घाटन होतं. त्यानंतर ध्वनियंत्रणा कोण सांभाळणार, पडद्याच्या दोऱ्या कोण तपासणार, डिमर बिघडला तर कोण दुरुस्त करणार, याची तरतूद नसते. महाराष्ट्रातल्या कितीतरी नगरपालिकांच्या नाट्यगृहांबद्दल रंगकर्मी वर्षानुवर्षं तक्रारी करत आहेत. बंद पडलेली वातानुकूलन यंत्रणा, घुमणारा आवाज, तुटलेल्या विंगा. या वास्तू चालवायला शिकलेली माणसं नसतील तर त्या खालावतच जाणार. यवतमाळ जिल्ह्यात जिथे जिथे सभागृहावर सार्वजनिक पैसा खर्च होईल, तिथे तिथे प्रशिक्षित रंगमंच तंत्रज्ञाचं पद मंजूर झालंच पाहिजे. माणसाविना उभं केलेलं नाट्यगृह म्हणजे जनतेच्या पैशाची उधळण आहे.

११. शेवटचा मुद्दा आपल्यासाठी, प्रेक्षकांसाठी आणि पालकांसाठी. विद्यापीठाच्या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेले सदस्य बसतात. तुम्ही पदवीधर असाल, तर ते तुमचे प्रतिनिधी आहेत. त्यांना पत्र लिहा आणि विचारा: रंगमंच तंत्राचा अभ्यासक्रम यवतमाळ जिल्ह्यात कोणत्या वर्षापासून सुरू होणार? आपल्या तालुक्यातल्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांना भेटा, कौशल्य अभ्यासक्रमांच्या यादीत हा विषय घालण्याचा प्रस्ताव त्यांनी पाठवला का, ते विचारा. मंडळाच्या बैठकीत वर्गणीचा हिशेब मागता, तसा विजेच्या जोडणीचा जबाबदार माणूस कोण तेही मागा. आणि पुढच्या वेळी एकांकिका पाहायला गेलात, तर नाटक संपल्यावर विंगेत जाऊन दिवे, संगीत आणि मंच सांभाळणाऱ्या त्या तिघांची नावं विचारून घ्या. उत्तरं लेखी मागा, आणि मिळेपर्यंत मागत राहा.